रविवारचे सात ते नऊ, आणि माझी गुळवेल

बडोद्याच्या रावपुऱ्यातल्या आमच्या औषधांच्या दुकानात एक मॅडम वर्षभर यायच्या आणि दर वेळी कचरा मागायच्या. गोळ्यांच्या मोठ्या डब्यांत ओल शोषायला सिलिका जेलच्या पुड्या असतात ना, त्या. "काका, टाकू नका हं, मला लागतात." छप्पन्नाव्या वर्षी पस्तिशीच्या बाईंनी काका म्हटलेलं मी निमूट गिळलं आणि पुड्या एका बरणीत साठवायला लागलो. मला वाटायचं, पापड-मसाल्यांचा घरगुती धंदा असेल. मग गेल्या जूनमध्ये त्यांनी काउंटरवर चिकटवायला हातानं लिहिलेला कागद आणला. झाडं-पानं समोर ठेवून चित्र काढायचा वर्ग, सहा रविवार, सकाळी सात ते नऊ, दांडिया बाजार. खाली मराठीत आणि गुजरातीत एकेक ओळ होती: चित्र येत नसलं तरी चालेल, वेळेवर यावं लागेल.

शाळेत मी काढलेला पोपट बघून सरांनी "वांगं छान आलंय" असं म्हटलं होतं. त्यामुळे पहिली अट मी आरामात पुरी करत होतो. गेलो. पुढे त्यांच्याकडून एक चित्रही करून घेतलं. तो कागद अजून काउंटरवर आहे आणि दिवसाला दोन-तीन जण विचारतात, "कसा आहे हो वर्ग?" म्हणून एकदाच काय ते लिहितो.

मॅडमचं नाव लिहीत नाही, आणि त्या कुठल्या संग्रहालयात नोकरी करतात तेही लिहीत नाही. त्यांनीच तसं सांगितलंय. बाहेर शिकवायची रीतसर परवानगी त्यांनी घेतलेली आहे, पण संग्रहालयाच्या नावावर शिकवणीला गिऱ्हाईक यायला नको, असं त्यांचं म्हणणं. तिथल्या कपाटातली वस्तू घरच्या चित्रात येत नाही, विकायच्या चित्रात तर नाहीच. मला आधी हा जरा जास्तच सोवळेपणा वाटला. मग आठवलं, मीही दुकानात बसून मेहुण्याच्या विम्याच्या पॉलिसी विकायला नकार दिला होता आणि त्यावरून घरात महिनाभर अबोला होता.

आता वर्गाची मुख्य अडचण आधीच सांगतो. सात म्हणजे सात. आणि नऊ म्हणजे नऊ. संग्रहालयं रविवारी उघडी असतात. मॅडमची साप्ताहिक सुट्टी सोमवारी, म्हणजे रविवारी दहाला त्यांना हजर व्हायचं असतं. नऊ वाजले की ब्रश धुवायचे, नऊ दहाला जिन्याच्या दाराला कुलूप. कोणाचं पान अर्धं रंगवायचं राहिलं असेल तर राहिलं. आमच्यातल्या एक गुजराती मावशी, वय सत्तरच्या पुढे, पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "बेन, पाच मिनिट तो आपो." मॅडमनी हसत हसत त्यांच्या हातातली वाटी काढून घेतली. चहा नाही, गप्पा नाहीत. वर्गानंतर जरा रेंगाळून शंका विचारायची सवय असेल तर हा वर्ग सोसणार नाही. दिवसा फोन लागत नाही, मेसेजचं उत्तर संध्याकाळी सातनंतर येतं.

फी सहा वर्गांची ३,६०० रुपये. साहित्याचा संच हवा असेल तर वर ९००. संच घेऊ नका. कागद उत्तम आहे, कापसाचा, चौरस मीटरला ३०० ग्रॅम भरेल इतका जाड, त्याबद्दल तक्रार नाही. पण दोन ब्रश आणि सहा रंगांच्या वड्या रावपुऱ्यात सुट्या घेतल्या तर बऱ्यापैकी स्वस्त पडतात, आणि संचात रंग कालवायची पसरट थाळीच नव्हती. मी घरून इडलीपात्राची एक ताटली नेली. ती अजून परत स्वयंपाकघरात घेतली जात नाही.

पहिल्या दिवशी चित्र काढूच दिलं नाही. प्रत्येकानं एक पान आणायचं होतं. मी दुकानासमोरच्या कडुनिंबाची डहाळी नेली. मॅडम म्हणाल्या, आधी चिठ्ठी लिहा. तारीख, जागा, झाड रस्त्याकडेचं की अंगणातलं, जमिनीपासून किती उंचीवरून तोडलं, पाऊस पडून गेला होता का. पेन्सिलनंच, कारण पेनची शाई ओल लागली की पसरते. आणि झाडाचं नाव माहीत नसेल तर जागा रिकामी सोडायची. "अंदाज लिहायचा नाही. रिकामी जागा उद्या कोणीतरी भरेल. चुकीचं नाव शंभर वर्षं तसंच राहतं." हे वाक्य ऐकून मी मनातल्या मनात उठून उभा राहिलो. तीस वर्षं डॉक्टरांची अक्षरं लावतोय, अंदाजानं काय होतं ते मला विचारा. शेजारच्या कॉलेजातल्या मुलाला मात्र कंटाळा आला. तो पुढच्या रविवारी आलाच नाही. तुम्हाला पहिल्या दिवशी घरी काहीतरी रंगीत घेऊन जायचं असेल, तर त्या मुलाचं बरोबर होतं.

दुसऱ्या रविवारी डिव्हायडरनं मोजमाप, तिसऱ्या रविवारी हिरवा रंग. नळीतला तयार हिरवा वापरायचा नाही. दोन पिवळे आणि दोन निळे घेऊन आम्ही अकरा हिरवे केले आणि त्यातला एकही माझ्या कडुनिंबाचा नव्हता. मॅडमनी त्यात तांबड्याचं बोट लावलं आणि कडुनिंब उतरला. तांबडाही कुठला घ्यायचा ते ठरलेलं आहे. अलिझरिन क्रिमझन नावाचा सुंदर रंग मिळतो, तो त्यांच्या घरात नाही, कारण उजेडात तो विटतो. जलरंगातली चित्रं संग्रहालयात ५० लक्सच्या (लक्स म्हणजे उजेडाचं माप) आसपासच्या उजेडात ठेवतात, म्हणजे आपल्याला जवळजवळ अंधारच वाटावा इतक्या, आणि तेही सतत टांगून ठेवत नाहीत, मधून मधून उतरवून विश्रांती देतात. दिवसभर जी बाई दुसऱ्यांचे विटलेले रंग बघते ती स्वतः विटणारा रंग कसा वापरणार? मला हे पटलं. एक्स्पायरी न बघता औषध देण्यासारखंच ते.

गृहपाठ म्हणून कमाटीबागेतल्या म्युझियममध्ये तिकीट काढून जायचं, निळ्या देवमाशाच्या सांगाड्यासमोर तासभर बसायचं आणि एकच मणका काढायचा, असं होतं. बडोद्यात वाढलेल्या कुठल्याही मुलाला तो मासा ठाऊक आहे. १९४४ साली मही नदीच्या मुखाशी येऊन पडलेला, ७२ फुटांचा. लहानपणी आम्ही त्याच्या बाजूनं धावत मोजायचो की त्यात आमच्या वर्गातली किती पोरं मावतील. पन्नास वर्षांत मी त्याच्याकडे तासभर कधी बघितलं नव्हतं. मणका काही जमला नाही, जात्याच्या तळीसारखा आला. पण घरी आल्यावर बायको म्हणाली की जेवताना मी वरणातल्या शेवग्याच्या शेंगेकडे संशयानं बघत होतो.

आता त्या चौथ्या रविवारबद्दल, ज्याच्यासाठी मी हे सगळं लिहायला घेतलं.

त्या दिवशी फुलं-पानं नव्हती. टेबलावर काचेच्या बुटक्या बाटल्या आणि भिंगं होती आणि बाटल्यांत मेलेले किडे. पहिली कसर, जुन्या पुस्तकात पान उलटलं की चंदेरी चमकून पळते ती. तिला पंख नसतात, शेपटीकडे तीन लांब केस असतात, आणि ती कागदापेक्षा बांधणीतल्या खळीवर, पिष्टावर जास्त जगते. दुसरा एक गोल, ठिपक्याठिपक्यांचा, मोहरीएवढा भुंगेरा. ह्याची गंमत अशी की मोठा झाल्यावर हा निरुपद्रवी, फुलांवर बसून परागकण खातो. पण त्याची केसाळ अळी लोकर, पिसं, कातडं, शिंग, काहीही फस्त करते. पेंढा भरलेला पक्षी किंवा जुनी शाल म्हणजे तिची पंगत. म्हणून संग्रहालयाच्या दालनात ताज्या फुलांचा गुच्छ ठेवायचा नसतो. पाहुणे आले, हार-तुरे आले, की मॅडमच्या पोटात गोळा येतो.

तिसरी बाटली त्यांनी मुद्दाम माझ्यापुढे ठेवली. तपकिरी, दोन-तीन मिलिमीटरचा किडा. सुकवलेल्या वनस्पती, मसाले, बिस्किटं, पुस्तकांची पुठ्ठाबांधणी, सगळं त्याला चालतं. इंग्रजीत त्याला ड्रगस्टोअर बीटल म्हणतात. औषधांच्या दुकानातला भुंगेरा! आमचा ज्ञातिबांधवच म्हणायचा. अश्वगंधेच्या पोत्यात मी त्याला शेकड्यांनी बघितला होता, नाव त्या दिवशी कळलं. भिंगातून बघितला तर पाठीवर बारीक रेघा, नांगरलेल्या शेतासारख्या. दोन तास तो एकच किडा काढला आणि माझं आजवरचं सगळ्यात बरं चित्र तेच आहे. दुकानात लावलेलं नाही. गिऱ्हाईक काय म्हणेल?

तर ह्या बाई दिवसभर ह्या किड्यांना दाराबाहेर ठेवायचा पगार घेतात आणि पहाटे पाच ते सात त्यांचीच चित्रं काढतात. मी विचारलं, दोन्ही सांभाळता कसं? मला वाटलं, वेळेचं काहीतरी सांगतील. त्यांनी दाराजवळच्या दोन खुंट्या दाखवल्या. दोन झोळ्या. एक रानातली, तिच्यात पानं, शेंगा, पडलेली घरटी, सालपटं. दुसरी कामावरची, तिच्यात ह्यातलं काहीही कधीच जात नाही. बागेतून परस्पर कामावर जायचं नाही, आधी घरी येऊन कपडे झटकायचे. घरच्या चित्रासाठी आणलेलं प्रत्येक सुकं पान, प्रत्येक पीस आधी प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद होऊन फ्रीजरमध्ये दोन आठवडे राहतं, म्हणजे अंडी-अळ्या मरतात. फ्रीजर उघडून दाखवला. मटारच्या पिशवीखाली एक सुगरणीचं घरटं होतं, चिठ्ठीसकट. सासूबाई सुरुवातीला रागावल्या होत्या म्हणे. आता त्याच कोणी पाहुणा बर्फ काढायला गेला की ओरडतात, "डावीकडचं मॅडमचं आहे, हात लावू नका."

आणि माझ्या सिलिका जेलच्या पुड्या कुठे जात होत्या तेही तेव्हा कळलं. पावसाळ्यात घरची चित्रं ज्या पत्र्याच्या पेटीत असतात, तिच्यात. कामावर म्हणे त्या निळ्या दाण्यांची जेल वापरतात, ओल प्यायली की गुलाबी होते, म्हणजे बदलायची वेळ कळते. आमच्या पुड्यांतली पांढरी, ती काही बोलत नाही. म्हणून दर पंधरा दिवसांनी त्या सगळ्याच पुड्या बदलतात.

बडोद्याला ही दोन्ही कामं एकाच बाईत असणं फार नवलाचं नाही, हेही सांगायला हवं. आपल्या युनिव्हर्सिटीत फाईन आर्ट्स फॅकल्टी १९५० ची आणि म्युझियॉलॉजीचं खातं १९५२ चं. चित्र काढायला शिकवायला लागल्यावर दोन वर्षांत चित्र सांभाळायलाही शिकवायला लागले. मॅडम ह्या दोन्ही इमारतींतून शिकून बाहेर पडलेल्या. फाईन आर्ट्समधल्या मित्रांना त्या कारकून वाटतात आणि कामावरच्या लोकांना कलाकार, असं त्या एकदा ब्रश धुता धुता म्हणाल्या होत्या. तक्रारीचा सूर नव्हता. नऊ वाजत आले होते एवढंच.

पाचवा वर्ग रद्द झाला. रात्रभर पाऊस, सकाळी सहाला मेसेज: कामाच्या जागी गळती आहे, जावं लागेल, क्षमस्व. तोपर्यंत मांजलपूरहून येणारी एक मुलगी रिक्षात बसलेली होती. तिचं भाडं मॅडमनी दिलं, पण बदली वर्ग मिळायला पाच आठवडे लागले, आणि तो सोमवारी सकाळी ठेवला. सोमवारी दुकान सोडून मी कसा जाणार? दोघातिघांचा तो वर्ग बुडालाच, पैसे परत मिळाले नाहीत. हे मला पटलेलं नाही आणि मी तसं तोंडावर सांगितलंय. सहावा कमाटीबागेत झाला. विश्वामित्रीच्या काठावर एक मगर ऊन खात पडली होती. "हलत नाही, बोलत नाही, वेळेवर आलीय. आजची मॉडेल हीच," मॅडम म्हणाल्या. पुलावरूनच काढली.

आता चित्राचं. डिसेंबरमध्ये मी ठरवलं, दुकानात गुळवेलीचं चित्र लावायचं. कोरोनाच्या काळात गुळवेल इतकी खपली की मी तिचं देणं लागतो असं वाटत होतं. आणि ज्या एका बाटलीतून मी तिचा रस विकला तिच्यावर चक्क पिंपळाचं पान छापलेलं होतं. गुळवेल म्हणून लोक भलतीच वेल तोडून आणून दाखवायचे तेव्हा मी कपाळावर हात मारायचो. तिचीच एक बहीण आहे, खोडावर फोडांसारख्या गाठी असलेली, दिसायला बरीचशी सारखी. ती पोटात जाऊन काहींच्या लिवरला त्रास झाल्याच्या बातम्याही तेव्हा आल्या होत्या. म्हटलं, भिंतीवर खरी वेल असू दे, बोट दाखवून सांगता येईल.

मॅडमनी ७,५०० रुपये सांगितले, फ्रेम वेगळी. आणि म्हणाल्या, मे महिन्यात मिळेल. मी म्हटलं, अहो, वेल समोर कडुनिंबावर आहे, पाच महिने कशाला? तर गुळवेलीला फूल येतं उन्हाळ्यात, पानं गळलेली असताना. नराची वेल वेगळी, मादीची वेगळी. फोटोवरून फूल काढायला त्या तयार नव्हत्या. लाल फळं जानेवारीत मिळाली, ती रंगवून ठेवली. म्हणजे माझी कडुनिंबावरची वेल मादी निघाली. एप्रिलमध्ये बारीक, पिवळट फुलं आली, मोहरीपेक्षा जराशी मोठी. नराची फुलं मात्र सापडेनात. शेवटी सहाव्या दिवशी त्यांना ती कामावर जातानाच्या रस्त्यावर एका बंद पडलेल्या गोदामाच्या कुंपणावर दिसली. पण हातात झोळी कामावरची! तोडून तिच्यात घालता येईना. रस्त्याकडेला उभं राहून पेन्सिलनं टिपून घेतली, तीन मिनिटं उशीर झाला आणि तो हजेरीपटावर लागला. हे सगळं त्यांनी मला चित्र देताना सांगितलं. मला वाटतं, पैसे कमी-जास्त करायला मी तोंड उघडू नये म्हणूनच.

चित्र मे महिन्याच्या अठ्ठावीस तारखेला मिळालं. कागदभर वेल नाही, आधी हे लक्षात येतं. मधोमध खोडाचा वीतभर तुकडा, त्यावरची कागदासारखी सुटणारी साल, खाली सुतळीसारखी लोंबणारी मुळं. डावीकडे एकच पान, हृदयाच्या आकाराचं, त्याला अळीनं पाडलेल्या भोकासकट. भोक पुसून टाका म्हणालो असतो, पण ते भोक माझ्याच झाडावरच्या पानाचं होतं, मी ओळखलं. उजवीकडे फळं आणि दोन्ही फुलं, खऱ्या मापाची आणि शेजारी सहापट मोठी. तळाशी पेन्सिलनं तारखा आणि जागा: "रावपुरा, कडुनिंबावर, ९ फूट". नराच्या फुलाखाली गोदामाच्या रस्त्याचं नाव. घाई एकाच ठिकाणी दिसते, आणि ती तिथेच आहे. नराचं फूल बाकीच्यांपेक्षा सपाट आलंय. मी विचारल्यावर त्यांनी कबूल केलं.

सोबत अर्ध्या पानाचं पत्रक होतं, आपण औषधाच्या खोक्यात घालतो तसं. कुठले रंग वापरले, कागद कुठला, काच चित्राला चिकटू द्यायची नाही, मध्ये पुठ्ठ्याची चौकट हवी, मागे सेलोटेप लावायची नाही. जे करायचं ते पुढे कोणाला उलटं करता आलं पाहिजे, हा त्यांच्या कामावरचा नियम. फ्रेमवाल्यानं हे वाचून मला विचारलं, "हे ऑइल पेंटिंग आहे का राजा रविवर्म्याचं?" पण केलं त्यानं सगळं.

मग मॅडम स्वतः दुकानात आल्या, फ्रेम कुठे लावायची ते बघायला. पिशवीतून उजेड मोजायचं छोटं यंत्र काढलं. मी ठरवलेल्या भिंतीवर दुपारी तीनला ऊन येतं, आकडा हजाराच्या वर गेला. इन्सुलिनच्या फ्रीजशेजारी गरम वारा. काउंटरमागे ओल. प्रत्येक भिंतीपुढे त्या उभ्या राहिल्या आणि मान हलवली. "काका, तुमचं चित्र, तुमची भिंत. पण इथे लावलंत तर पाच वर्षांनी माझ्याकडे आणू नका." मी पैसे दिलेले आहेत, दुकान माझं आहे, तरी खिळा मारायची हिंमत झाली नाही.

आता ते घरी आहे, मधल्या बोळात, जिथे दिवसाही दिवा लावावा लागतो. न्हाणीघराकडे जाताना मी बटण दाबतो, बघतो, बंद करतो. बायको म्हणते, साडेसात हजार देऊन चित्र अंधारात ठेवणारा तू बडोद्यातला एकटाच. दुकानात गिऱ्हाईक गुळवेल विचारतं तेव्हा मी फोनमधला तिचा फोटो दाखवतो.

पावसाळ्याचा नवा वर्ग जुलैच्या पहिल्या रविवारपासून आहे. कागद काउंटरवर, फी तीच. या वेळी रद्द झालेल्या वर्गाचे पैसे परत, असं मी त्यांच्याकडून कागदावर पेन्सिलनं लिहून घेतलंय. माझं नाव यादीत दुसरं आहे. पहिलं त्या गुजराती मावशींचं.